राखेतलं लोखंड

या, जवळ बसा, एक गोष्ट सांगतो. तिसऱ्या दिवशी अनसूयाबाई आपल्या कीर्तनकार नवऱ्याची राख सावडत होत्या. त्यांच्या कॅन्सरच्या गाठीत सोडून, ती जाळायला तापवलेले लोखंडाचे कण परत न्यायला दवाखान्याचा माणूस लोहचुंबक घेऊन उभा होता. नवे कण आता मिळत नव्हते; हेच पुढच्या रोग्याला द्यायचे होते.

“वहिनी, देऊ नका. दादा अर्धाच नदीत जाईल,” दीर म्हणाला.

“भावजी, ह्यांना तरी कुणाच्या राखेतूनच मिळाले होते ना?”

“मग वाचला का दादा?”

“नाही वाचले. पण ह्या कणांच्या जोरावर अखेरचं कीर्तन उभं राहून केलं की!”

अनसूयाबाईंनी स्वतःच राखेवरून चुंबक फिरवला. काळी धूळ त्याला बिलगली. परत देताना मूठ सुटेना. तरी त्यांनी दिला.

हरिनाम घ्याल तेव्हा, ज्याच्या राखेतून हे कण आले त्या आधीच्या माणसाला आठवा. त्याचं नाव अनसूयाबाईंनाही ठाऊक नाही.