चुलीची सोय

“चूल पेटून नाही राहिली वं,” फोनवर बाबा म्हणाले आणि दिव्या हातातलं काम टाकून निघाली. सहा वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला हा पहिला फोन. तोही चुलीपायी.

तिचे बाबा, सुकराम, देवरीपलीकडच्या गावातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गोंदियाला आले होते. ऑपरेशन उद्या होतं. लेकीचं घर याच शहरात, पण तिथं ते उतरणार नव्हते. दिव्यानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून तिच्या हातचं पाणीही त्यांच्या घरात चालत नव्हतं. गावाकडं चूल आणि घरचे देव एकाच खोलीत, आणि त्या खोलीत तिला मनाई. दिवाळीला गेली की ती अंगणात बसायची. भाऊ हेमराज ताट बाहेर आणून द्यायचा.

त्याच हेमराजनं यावेळी बजावलं होतं, “बाबा म्हणतात, चुलीची सोय पाहिजे. नाहीतर येतच नाही.”

लॉजमध्ये कुठली आली चूल? शोधून शोधून तिला स्टेशनजवळ एक सर्व्हिस अपार्टमेंट सापडलं. शेगडी, भांडी, फ्रिज, सगळं होतं. विचारपूस करायला माणूस तेवढा नव्हता. नंबर दाबून दार उघडायचं, आपलं आपण शिजवायचं, आपलं आपण घासायचं. म्हणजे डोळ्यांनी धड दिसत नसताना बाबा स्वतः रांधतील, पण लेकीच्या हातचं खाणार नाहीत! दिव्याच्या जिवाला ते फार लागलं होतं. तरी तिनं खोली घेतली; हेमराज बाबांना तिथं सोडून गावी परतला.

ती दार उघडून आत आली. सुकराम इंडक्शनच्या शेगडीपुढं काडेपेटी घेऊन उभे होते. ओट्यावर पाच-सहा जळक्या काड्या पडल्या होत्या. काचेला काडी लावणारा असा पाहुणा त्या शेगडीला पहिलाच भेटला असेल. दिव्याला हसू आलं आणि रडूही.

“बटन दाबून देते,” ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली. “मंग तुम्ही मांडा. मी भांड्याले हात नाही लावत.”

“काऊन?”

“काऊन म्हनजे? तुम्हीच त...”

सुकरामांनी काडेपेटी खिशात टाकली. तिच्या आवाजाच्या रोखानं पाहत ते म्हणाले, “घरी देव हायेत वं. गाव हाय. तिथं मायं काही नाही चालत. तुया घरी उतरलो त गावाले कळन. इथं कोनाचे देव अन् कोनाचं गाव? म्हनून त चूल मांगितली. रांध आता. भूक लागली.”

दिव्या चप्पल काढून आत गेली. तिनं बटण दाबलं, नळाखाली हात धुतले. बाबांनी पातेल्यात तांदूळ धुऊन ठेवले होते, जरा जास्तच. पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, “बाबा, आपन दोघंच त आहो. एवढे कायले?”

“जावयाले फोन लाव,” सुकराम म्हणाले.