डाव्या हाताशी

सुशीचा घास उचलायला शलाकाचा डावा हात पुढे झाला, तशी शेजारी बसलेली आई पुटपुटली, "उजवा!" चाळिशीतल्या शलाकाने मुकाट्याने हात बदलला. घास बोटांतून निसटून बशीत पडला.

गल्लीतल्या त्या छोट्या जपानी हॉटेलात काउंटरपलीकडून शेफ पाहत होता. पुढची सुशी त्याने उलट्या बाजूला तिरपी ठेवली आणि सॉसची वाटीही डावीकडे सरकवली.

"असं का हो?" आईने विचारलं.

"ज्याचा जो हात चालतो, त्या हाताला घास द्यायचा, काकू. आमच्या गुरूंनी पहिलं हेच शिकवलं."

शलाका त्याच्याकडे बघतच राहिली. हात बदलायला लावणारे तिला जन्मभर भेटले होते. घास वळवणारा हा पहिलाच.

आईने पाण्याचा ग्लास उचलला आणि हलकेच लेकीच्या डाव्या हाताशी ठेवला.