पिशवीभर हवा

गुडगावच्या नव्याकोऱ्या टॉवरच्या तळघरात रेवतीने पुरुषभर उंचीची काचेची टाकी पाण्याने भरून ठेवली होती. तळाशी एक रबरी पिशवी. दिवसभर छतावरच्या सौर विजेने तिच्यात हवा भरायची. वीज गेली की तोटी उघडायची. पाण्याच्या दाबाने तीच हवा बाहेर पडून चक्र फिरवणार आणि दिवा लागणार. या पिशवीसाठी तिने तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं.

कोपरकर साहेबांनी टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी ऑफिसात हिंदी झाडणारे साहेब नकार द्यायला मात्र मराठीवर आले.

"आपली म्हणून सांगतो, रेवती, हे फुगे फुगवणं बंद कर. इथे शेजारी एवढा मोठा जनरेटर आहे यार! आपल्याकडे लाईट जातेच कुठे?"

तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. रेवतीने चाचपडत तोटी उघडली. टाकीवरचा दिवा लागला.

साहेबांनी खुर्ची त्या दिव्याखाली ओढली, चष्मा सारखा केला आणि फाईलवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'निरुपयोगी. प्रकल्प बंद करावा.' खाली झोकात सही ठोकली.

रेवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वाकून तोटी बंद केली.

मिट्ट काळोखात साहेबांचं पेन घरंगळत खाली पडलं.

"तारीख राहिली, सर," ती म्हणाली. "टाका आता."