शेवटचा फर्मा

चार मार्च, सायंकाळी सहा वाजता बाइंडरने बायको वाचत असलेली जुनी कादंबरी नव्याने शिवून परत दिली. पृष्ठे तीनशे चार. शेवटचा सोळा पृष्ठांचा फर्मा त्याने गाळला होता. त्यात पहिल्याच पृष्ठावर नायिका बाइंडरसारख्याच अबोल नवऱ्याला सोडून निघते. त्यापुढे वाचण्याचा धीर त्याला झालाच नव्हता. अंधारून आले तेव्हा बायकोने पुस्तक मिटले. दिवा लावला नाही. “म्हणजे ती खिडकीतच उभी राहिली? त्या घुम्यापाशी?” “जीव होता त्याचा तिच्यावर.” “मग तोंडात मिठाची गुळणी कशाला धरली?” तो सुई पुसत राहिला. “अहो, मला तिच्यासारखं खिडकीत म्हातारं व्हायचं नाही.” सकाळी तिची बॅग फळीवर नव्हती. त्याने गाळलेला फर्मा प्रथमच अखेरपर्यंत वाचला. शेवटच्या पृष्ठावर नवरा फक्त ‘थांब’ म्हणतो, नायिका थांबते. दाराशी चपलांचे जोड: एक.