लांब सूर

दातांच्या डॉक्टरने पुढचे चार दात काढले आणि मास्तरांची क्लॅरिनेट कायमची मुकी झाली. तीस वर्षं त्यांनी वीस वादकांचा बँड चालवला, पण कार्यक्रमातला शेवटचा सोलो कधी दुसऱ्याला दिला नाही. आठवड्याने ते तालमीला आले आणि शेजारी बसून क्लॅरिनेटच वाजवणाऱ्या धाकट्या भावाला म्हणाले, "सोलो आता तू वाजव. त्यातला लांब सूर श्वासासाठी मध्ये तोडलास तरी चालेल." भावाने नोटेशनचा कागद उघडलाही नाही. त्याने सूर लावला आणि शेवटपर्यंत धरला. ताल देणारा मास्तरांचा हात हवेतच राहिला. "हे कधी शिकलास?" भाऊ चाचरला. "दात हलायला लागल्यापासून तुझा सूर मध्येच सुटायचा, दादा. तिथून पुढे मी धरायचो." वादकांनी माना खाली घातल्या, सगळ्यांना ठाऊक होतं. "मग बोलला का नाहीस?" "तू वाजवणं सोडलं असतंस." "पुन्हा पहिल्यापासून," मास्तर म्हणाले आणि ऐकायला बसले.