धुरपदाबाईंचं इमान

जरा जवळ सरकून बसा माउली, धुरपदाबाईंच्या इमानाची गंमत सांगतो. आमच्या जळकोटात कीर्तन असलं की त्या पहिल्या रांगेत. महाराज वैकुंठाहून आलेल्या विमानाचं वर्णन करू लागले की डोळ्यांना पदर लावून म्हणायच्या, "देवा, माझ्यासाठी बी इमान धाड. आता कशात जीव न्हाय."

परवा लेकीनं, अर्पितानं, त्यांना समुद्रावर हवाई दलाच्या कसरती बघायला नेलं. पाण्यावरून एक लढाऊ विमान गडगडत थेट गर्दीकडंच आलं. धुरपदाबाई खुर्चीखाली!

"अर्पे, त्यांला सांग, म्या आलेच न्हाय म्हणून!"

"अगं माय, आपल्या फौजेचं इमान हाय ते."

"कुणाचं बी असंना. माझी तूर अजून रानात उभी हाय."

विमान वळून ढगात गेलं, तेव्हा कुठं त्या बाहेर आल्या.

आता कीर्तनात त्या खांबाआड बसतात. तेव्हा माउली, देवाचं नाव घ्याल तेव्हा आमच्या धुरपदाबाईंचीही आठवण ठेवा. फक्त त्यांचं नाव हळू घ्या, वर ऐकू जायला नको.