मिन्जीचा कौल

पोराला जीपमध्ये घालून बीदरला न्यायचं ठरलं होतं. रेणुकाबाईनं गोधडी आणि पाण्याची बाटली मागच्या सीटवर नेऊन ठेवलीसुद्धा होती.

हुलसूरच्या पुढची ती वस्ती. मिशनची जीप सकाळी तिथं आली होती ती मुलांना गाणी शिकवायला. कोरियाहून पंधरा दिवसांच्या सेवेसाठी आलेली मिन्जी, तिचं इंग्रजी मराठीत सांगणारी रूपा आणि ड्रायव्हर भीमण्णा, एवढी तिघंच. गाणी अर्ध्यावर आली असताना रेणुकाबाई धावत आली. नातू तापानं फणफणलाय, म्हणाली, आज तर पाणीसुद्धा ओकून टाकायलाय. गावातल्या डॉक्टरनं बीदर गाठा म्हणून सांगितलं होतं, पण बस थेट संध्याकाळी. मुलगा हैदराबादला बांधकामावर. घरात ती आणि सून निलम्मा, दोघी बायकाच. रूपानं भीमण्णाकडं बघितलं. त्यानं काही न विचारता जीप त्यांच्या दारासमोर आणून लावली.

तेव्हा मिन्जी म्हणाली, निघण्याआधी एकदा प्रार्थना करू.

त्यात नको म्हणण्यासारखं काही नव्हतं. पोराच्या कपाळावर मैलारच्या खंडोबाचा भंडारा होता, दंडाला दर्ग्याचा दोरा होता. रेणुकाबाईनं पदर डोक्यावर घेतला. निलम्मा पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मिन्जीनं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकले आणि पोराच्या छातीवर हात ठेवला.

प्रार्थना लांबली. आधी ती इंग्रजीत बोलत होती. मग तिच्या भाषेत बोलायला लागली, तेव्हा रूपाला सांगण्यासारखं काही उरलं नाही. पोर कण्हत होतं. बाहेर भीमण्णानं इंजिन बंद केलं.

मिन्जीनं डोळे उघडले तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. ती रूपाला सांगू लागली. या देशात पाऊल ठेवल्यापासून ती देवाला एकच विचारत होती, मला इथं कशाला आणलंस. उत्तर येत नव्हतं. परत जायची वेळ आली तरी नाही. आज आलं. अगदी स्पष्ट, कुणी कानाशी बोलावं तसं. पोर बरं झालंय. त्याला कुठं न्यायचं नाही. नेलं तर तो अविश्वास ठरेल.

"सांग त्यांना," मिन्जी म्हणाली.

रूपा बीदरच्या वसतिगृहात मुलींना शिकवायची. घरात आजोबांपासूनचा ख्रिस्ती धर्म. लहानपणापासून ती रोज गुडघे टेकत आली होती आणि तिच्या कानाशी कधी कुणी बोललं नव्हतं. आपल्यातच काहीतरी उणं आहे, असं तिला वाटायचं. या मुलीला मात्र ऐकू आलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. तिला खोटं ठरवणारे आपण कोण?

तिनं शब्दाला शब्द सांगितलं.

रेणुकाबाईनं हात जोडले. "देवानं कौल दिला म्हणायचा," ती म्हणाली. बीदरची तिला पहिल्यापासून धास्तीच होती. तिथं कुणाला काय विचारायचं, रात्री कुठं पडायचं, काही ठाऊक नव्हतं. आणि सातासमुद्रापलीकडची पोरगी आपल्या नातवासाठी रडताना तिनं डोळ्यांनी बघितली होती. ती उठली आणि जीपमधली गोधडी काढून घरात घेऊन आली.

निलम्मा जागची हलली नाही. तिनं सासूकडंही बघितलं नाही आणि मिन्जीकडंही.

"अक्का," ती रूपाला म्हणाली, "त्यांचं कळलं. तुमाला काय वाटायलंय?"

एवढ्या जवळ बसलेल्या रूपाला पोराच्या अंगाची धग लागत होती. आपल्याला काय वाटतंय ते तिला पक्कं माहीत होतं. मिन्जी तिच्याकडं बघत होती, भाषा कळत नसताना, मायेनं.

"मी निस्तं त्यांचं बोलणं सांगायलेय," रूपा म्हणाली. "माझं कामून विचारायलीस?"

निलम्मानं पोराच्या तोंडावरची माशी हाकलली.

पुढच्या गावात मुलं वाट बघत होती. मिन्जीनं रेणुकाबाईला मिठी मारली, पोराच्या केसांवरून हात फिरवला आणि सगळे जीपमध्ये बसले. भीमण्णानं गाडी इतकी सावकाश काढली की चालणारं माणूस सहज बरोबर राहिलं असतं. मिन्जी खिडकीतून डोकं काढून हात हलवत होती. रूपानंही मागं वळून बघितलं.

पाहुण्यांना निरोप द्यायला रेणुकाबाई पोराला सुनेकडून घेऊन अंगणात आली होती. तिनं त्याला खांद्याशी धरलं होतं, पण पोराचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं नव्हतं. मान मागं वाकून ताठ झाली होती, तोंड वर आभाळाकडं. दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत जात होतं आणि डोळे मिटत नव्हते. रेणुकाबाईचं लक्ष जीपकडं होतं. मागं दारात उभ्या असलेल्या निलम्माचा हात तोंडावर गेला.

"थांबवा, भीमण्णा," रूपा म्हणाली.

जीप थांबली. काय झालं, मिन्जीनं इंग्रजीत विचारलं. तिचं हसू अजून तसंच होतं. रूपानं तोंड उघडलं, पण तिला त्या भाषेतला एकही शब्द सुचेना.

अंगणात रेणुकाबाई पोराचं मनगट धरून जीपच्या दिशेनं त्याचा हात निरोपाला हलवत होती.